सात गडी, एक वही

पुस्तक-परीक्षण लिहिणाऱ्या माणसाला समाजात फारसा मान नसतो. लेखक त्याच्यावर रागावलेला असतो आणि वाचकाला तो अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसतं. तरीसुद्धा मी बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी सहा-सात वर्षं नेमानं परीक्षणं लिहिली. कादंबऱ्यांवर लिहिलं, कवितांवर लिहिलं, एकदा तर एका पाककृतींच्या पुस्तकावर (पुरणपोळीचं प्रकरण पसरट झालं आहे, इत्यादी) लिहिलं. पण आज ज्या कलाकृतीचं परीक्षण मी करणार आहे तिचा लेखक मीच आहे. ती एक दोनशे पानी, उभ्या-आडव्या रेघांची, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. तिचं नाव ‘गुणतक्ता, कबड्डी, २०२५’. आणि माझं प्रामाणिक मत असं की, ही कृती रचनेच्या दृष्टीनं निर्दोष असून आशयाच्या दृष्टीनं साफ फसलेली आहे.

आता ही वही रेवसला कशी जन्मली ते सांगायला हवं.

रेवस हे माझं सासर. भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसलं की तासा-दीड तासात माणूस सासरी पोचतो, म्हणजे भरती असेल तर. ओहोटी असली तर गाळापुढे लाँचचंही काही चालत नाही आणि जावयाचंही. समोर करंजा दिसतं, मध्ये धरमतरची खाडी. हिच्यावर पूल होणार ही गोष्ट आम्ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून, म्हणजे १९८० पासून ऐकत आलो आहोत. जिथे माणसं पुलाची इतकी वर्षं वाट पाहू शकतात, तिथे कुठलाही लांबलचक हंगाम कंटाळवाणा होत नाही. निवृत्तीनंतर मी इथेच येऊन राहिलो. सकाळी बोडणीकडून येणारी मासळी बघायची, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचं, असा भरगच्च कार्यक्रम.

त्या टपरीवर ‘कल्पनेतला संघ’ या खेळानं आधीच शिरकाव केला होता. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खरे खेळाडू खऱ्या मैदानावर खेळतात. आपण घरी बसून त्यांतले सात निवडायचे. खेळाडूंच्या किमती ठरलेल्या, आपल्या खिशात शंभर काल्पनिक नाणी. त्यांत सात गडी बसवायचे. एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. एकाला उपकर्णधार, त्याचे दीडपट. मग तिकडे त्यांनी घाम गाळायचा आणि इकडे आपण म्हणायचं, “आज माझी टीम चांगली खेळली.” सासऱ्याच्या इस्टेटीवर जावयानं पाय पसरावे तसाच हा मामला. मी अनुभवानं बोलतो आहे.

टपरीवरचे लोक तो मोबाइलवर पैसे लावून खेळत. मीही एकदा एकोणपन्नास रुपये लावले होते. ते कुठे गेले हे अजून कळलेलं नाही. त्या हिशेबात एक बँकवाला हरला, एवढंच मी कबूल करतो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि टपरीवर सुतक आलं. एकानं उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाचा दाखला दिला, हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे वगैरे. पण कायद्यानं कौशल्यालाही सोडलं नव्हतं. आणि प्रो कबड्डीचा बारावा हंगाम तर आठवड्यावर आलेला!

तेव्हा मी म्हणालो, “मोबाइल कशाला? वही घालू.”

आयुष्यात इतकं गंभीर परिणाम घडवणारं वाक्य मी फक्त दुसऱ्यांदा बोललो होतो. पहिल्यांदा ते रेवसलाच, मुलगी बघायला आलो तेव्हा बोललो होतो.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत डॅनियल ओक्रेंट नावाच्या गृहस्थानं १९८० मध्ये बेसबॉलचा असाच कागदी खेळ मित्रांना घेऊन सुरू केला आणि न्यूयॉर्कमधल्या ज्या फ्रेंच खानावळीत ही मंडळी जमत, तिचं नाव त्या खेळाला मिळालं. तेव्हा आमचा खेळ टपरीत जन्मला म्हणून कोणी नाक मुरडू नये. आम्ही आठजण होतो. नियम असे: बारा संघांतून प्रत्येकानं सात गडी घ्यायचे, एक गडी एकाच्याच नावावर, हंगामभरात फक्त सहा बदल, सोडलेला गडी जो आधी मागेल त्याचा. पैसे अजिबात नाहीत. जिंकेल त्याला बाकीच्यांनी मिळून एक जिताडा द्यायचा. जिताडा हा पैसा होत नाही, असा आमच्यातल्या वकिलांचा अभिप्राय पडला. जिताड्याचा बाजारभाव बघता मला तो फारसा पटला नाही, पण मीच वही लिहिणार असल्यामुळे मी गप्प बसलो.

आठवे सभासद होते मामा. बायकोचे सख्खे मामा म्हणून माझे मामेसासरे, आणि वयामुळे सगळ्या धक्क्याचेच मामा. लाँचवर खलाशी म्हणून जन्म गेला. तरुणपणी कबड्डी खेळले. जागा डावा कोपरा. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. अलिबाग तालुक्यातल्या कुठल्याशा रात्रीच्या सामन्यात तो निखळला होता, आणि तो एका गाववाल्यानंच ओढून बसवल्यामुळे तो अजून आपल्याच मताप्रमाणे वागतो. घरी फडताळात तीन स्टीलची पातेली आणि एक पितळी ढाल आहे. एवढीच त्यांची कबड्डीतली कमाई. त्या काळी ज्या दिवशी सामना, त्या दिवशी लाँचवर खाडा, आणि खाडा म्हणजे पगार कापला.

इथे मला थोडं विषयांतर करू द्या. माझा पुतण्या सिडनीत असतो. तिकडे रग्बी लीग नावाचा खेळ आहे, तेरा-तेरा गड्यांचा. ज्याच्याकडे चेंडू त्याला सहा वेळा आडवा करायचा, मग चेंडू दुसऱ्याकडे. बघताना वाटतं, कोणीतरी कबड्डीच्या मैदानावर चुकून चेंडू टाकला आहे. पुतण्या हंगामभर रग्बीचा काल्पनिक संघ चालवतो. हे वहीचे नियम मी बरेचसे त्याच्याकडून उचलले. त्यानंच सांगितलं की, रग्बीचा हा वेगळा पंथ निघाला तो खाड्यापायी. उत्तर इंग्लंडमधले गिरणीत, खाणीत काम करणारे गडी म्हणाले, सामन्यासाठी मजुरी बुडते ती भरून द्या. साहेब लोक म्हणाले, छे छे, खेळ हा हौसेसाठी असतो. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात क्लबवाले जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. आमचा कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला तोही २९ ऑगस्टला, बरोबर एकशेतीस वर्षांनी. मी हे मामांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “मंग त्यांना गावला का खाडा?”

“मिळाला.”

“बरा झाला,” असं म्हणून त्यांनी बशी उचलली.

असो. वहीकडे येऊ.

हंगामाचा पूर्वार्ध हा नवसाचा असतो, उत्तरार्ध हिशेबाचा. सुरुवातीला प्रत्येकजण नावं बघून गडी घेतो. आमच्यातले एकजण तर हळहळत होते की, आता परदीप नरवाल घेता येणार नाही. प्रो कबड्डीत चढाईचे अठराशे गुण ओलांडणारा हा एकमेव माणूस, पण २०२५ च्या लिलावात त्याला कोणी घेतलं नाही आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्यांनी तरी त्याचं नाव पहिल्या पानावर ‘राखीव’ म्हणून लिहायला लावलं. माझ्या बँकेतल्या शिस्तीला ते सहन होईना, पण लिहिलं. असल्या भावनांना पूर्वार्धात जागा असते. ऑक्टोबर उजाडला की चित्र पालटतं. काही संघांचं बाद फेरीचं तिकीट पक्कं होतं, मग ते आपल्या हुकमी गड्याला बाकावर बसवून गुडघ्याला बर्फ लावतात आणि इकडे आपला कर्णधार शून्यावर. काही संघ संपलेले असतात, ते पोरासोरांना खेळवतात. ही पोरं स्वस्त असतात आणि त्यांना हरायची भीती नसते, म्हणून भराभर गुण आणतात. मामा याला उधाण आणि भांग म्हणत. उधाणाच्या भरतीला होडी कुठेही लागते, भांगाच्या पाण्यात कुठे नेऊ नये हे कळलं पाहिजे. मला हे फार उशिरा कळलं. सप्टेंबर संपायच्या आत मी सहातले पाच बदल उडवून बसलो होतो. महिन्याच्या वीस तारखेला पाकिटात जशी एकच नोट उरते, तसा माझा एक बदल उरला होता.

त्या एका बदलात मी फझल अत्राचलीला सोडलं.

कबड्डी बघणाऱ्याला हे नाव सांगायला नको. इराणचा, डावा कोपरा. २०१५ मध्ये मुंबईच्या संघात आला आणि त्याच वर्षी मुंबईनं अजिंक्यपद मिळवलं. तेव्हापासून तो किती संघ फिरला, पण प्रो कबड्डीत पकडीच्या गुणांत त्याच्या वर कोणी नाही. २०२५ ला दिल्लीकडे होता. वय तेहतीस. माझ्या तक्त्यात त्याची सरासरी उतरत चालली होती. मी रकाना बघितला, बेरीज केली, भागाकार केला आणि लाल शाईनं त्याच्यावर आडवी रेघ मारली. त्याच संध्याकाळी मामांनी, जे हंगामभर तळाला होते आणि ज्यांनी एकही बदल वापरला नव्हता, टपरीवर येऊन पहिलं वाक्य काय बोलावं? “तो तुमी टाकलेला कोपरा माझे नावावर लिवा.”

मी लिहिला. मनात हसलो.

पुढच्याच सामन्यात भानगड झाली. फझलनं चढाईवाल्याला कोपऱ्यात अडवून धरलं, पाय सोडला नाही, आणि बाजूच्यानं येऊन त्याला आडवा केला. गुण लागला बाजूच्याच्या नावावर. मामा म्हणाले, अर्धा गुण द्या. मी म्हणालो, पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागतो, तक्त्यात अर्ध्याचा रकाना नाही.

“पण धरला कोनी?”

“मामा, नियम आहे.”

“नियम तुमीच लिवलाव ना? जावयबापू, कोपरा धरून ठेवतो म्हनून मधला उडी मारतो. त्यो कोपरा कंच्या रकान्यात लिवतां?”

आठ माणसं बघत होती. मी पहिल्या क्रमांकावर होतो. चौतीस वर्षं कॅशचा हिशेब एक पैसाही न चुकता लावलेला माणूस काय बोलेल? मी म्हणालो, “उद्या लाँच हाकणाऱ्याबरोबर दोरी टाकणाराही म्हणेल, अर्धी लाँच माझी.”

मामा उठले. मला वाटलं, तंबाखू मळायला गेले. ते घरीच गेले. जन्मभर लाँचवरून धक्क्यावर दोरी टाकत आलेल्या माणसाला मी हे बोललो होतो, हे मला घरी जेवायला बसल्यावर कळलं, आणि तेसुद्धा बायकोनं ताट जरा आवाज करून ठेवलं तेव्हा.

मामा दुसऱ्या दिवशी टपरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दरवर्षी ते फराळाला येतात, करंजी खातात, “सारन कमी हाय” म्हणतात आणि आणखी चार खातात. २०२५ च्या दिवाळीत करंज्या डब्यात तशाच राहिल्या. बायको मला काही बोलली नाही. तिनं फक्त पाडव्याला ओवाळताना विचारलं, “सगळे मिळून किती गुण झाले हो तुमचे?”

वाचकहो, परीक्षण खऱ्या अर्थानं इथे सुरू होतं, कारण त्या रात्री मी माझीच वही पहिल्यांदा वाचक म्हणून वाचली.

तक्त्याचा पहिला दोष, त्याला चढाईवाल्याचं वेड आहे. तीस सेकंदांत जो आत जाऊन दोघांना शिवून येतो त्याची कहाणी प्रत्येक पानावर आहे. लोण दिल्यावर त्याचीच पाठ थोपटली जाते. हिंदी सिनेमात नायक बारा गुंडांना मारतो आणि नायकाचा मित्र गोळी खाऊन मरतो, त्या मित्राला माझ्या तक्त्यात रकाना नाही. दुसरा दोष, रिकामी चढाई. दोन मिनिटं उरली आहेत, दोन गुणांची आघाडी आहे. अशा वेळी शहाणा गडी निदान रेषा ओलांडतो, नुसता फिरतो, कोणाला हात लावत नाही, दम सांभाळून वेळ खातो आणि परत येतो. अख्खा सामना त्या तीस सेकंदांवर जिंकला जातो. वहीत पूज्य. मी असं पूज्य किती गड्यांपुढे किती ऐटीत काढलं आहे! त्यातल्या काही पूज्यांना तर मी शेपूटही लावलं आहे. तिसरा दोष कर्णधाराचा. कल्पनेतला कर्णधार म्हणजे फक्त दुप्पट गुणांचा गडी. खरा कर्णधार ओरडतो, साखळीतल्या पोराचा हात धरून त्याला अर्धा पाऊल मागे ओढतो, पंचाशी हुज्जत घालतो. आमच्या वहीत त्याच्या घशाची किंमत शून्य.

आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे लेखकाची नजर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन ज्या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं, ज्याच्यासाठी बुवा साळव्यांनी उभा जन्म घातला आणि ज्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, आपण कबड्डी दिन पाळतो, तो खेळ सात जणांनी एकमेकांचे हात धरून खेळायचा आहे. मी मात्र ते हात सोडवून एकेकाला वेगळ्या रकान्यात बसवलं. बँकेत खाती वेगळी ठेवावी लागतात, त्या सवयीचा हा परिणाम असावा. एखाद्या नवोदित लेखकानं अशी वही अभिप्रायासाठी पाठवली असती तर मी ‘लेखकाला माणसांची जाण नाही’ असं लिहून मोकळा झालो असतो.

दिवाळीचे उरलेले दिवस मी काय केलं ते सांगतो. शेजारच्या कॉलेजकुमाराला चकल्यांचा डबा देऊन त्याच्या मोबाइलवर जेवढे जुने सामने सापडले तेवढे लावून घेतले. प्रत्येक पकड थांबवून, मागे नेऊन बघितली. कोणी अडवलं, कोणी पाडलं. अडवणाऱ्याला अर्धा गुण. हिरव्या शाईचा नवा रकाना आखला, आणि तो आठही जणांच्या सगळ्या गड्यांना पहिल्यापासून लावला. न्याय म्हणजे न्याय. डोळ्यांना पाणी यायला लागलं. कॉलेजकुमार म्हणाला, “काका, दुसरा डबा लागेल.” बायकोनं तो न मागता दिला.

बेरीज केली. अर्ध्या-अर्ध्या गुणांनी काय उलथापालथ केली म्हणता! माझ्या संघात सगळे चढाईवाले. मला त्या रकान्यातून जवळजवळ काहीच मिळालं नाही. मी पहिल्यावरून तिसऱ्यावर आलो. पहिला आला चहावाला, ज्यानं हंगामभर वहीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं आणि गडी निवडताना “कोन बी द्या, पन जाडे द्या” एवढंच सांगितलं होतं. त्याचे सगळे जाडे गडी नेमके बचावातले निघाले. आणि मामा? मामा आठव्यावरून सातव्यावर चढले.

३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना होता, दिल्ली विरुद्ध पुणे. दुपारी मी वही घेऊन मामांच्या घरी गेलो. ते पडवीत जाळं विणत बसले होते. विणताना उजवा हात फक्त छातीपर्यंत वर येतो. मी काही न बोलता वही पुढे केली. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, मामींचा लावला. हिरव्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आले. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

“ह्यो तेरा नाय, साडेतेरा पायजे,” ते म्हणाले. “हितं हातचा इसरलाव.”

मी बघितलं. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी अर्ध्याचा हातचा विसरलो होतो.

रात्री ते टपरीवर आले. मी जन्मानं पुणेकर नसलो तरी जीव अडकला होता पुण्याकडे, कर्णधार अस्लम इनामदार आपला अहिल्यानगरकडचा म्हणून. मामांचा कोपरा दिल्लीकडे. सामना शेवटपर्यंत असा चालला की चहावाल्याचं दूध दोनदा उतू गेलं. दिल्लीनं एकतीस-अठ्ठावीस अशी बाजी मारली. मी मामांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचा खालचा खांदा इंचभर वर आला होता, किंवा मला तसं वाटलं.

जिताडा चहावाल्याला मिळाला. तो शुद्ध शाकाहारी निघाला. त्यामुळे मासा माझ्याच घरी शिजला, आठहीजण जेवायला होते. मामांनी डोक्याचा तुकडा स्वतःच्या ताटात घेतला, अर्धा मोडून माझ्या ताटात टाकला आणि बायकोला म्हणाले, “लिव गं, वहीत लिव.”